मेंढीने माफी कशी मागावी

थोरल्या जावेला मेंढी म्हणायची घरात कोणाची छाती नव्हती. आणि म्हणायला काही कारणही नव्हतं. खाली मान घालून चालणं, पुढचा जाईल तिकडे मुकाट जाणं, कोणीही यावं आणि लोकर कातरून न्यावी, हे मेंढीचे जगजाहीर गुण. त्यातला एकही थोरलीच्या वाऱ्याला उभा राहिला नसता. तरीही धाकटीने तिला मेंढी केलं, आणि तेही चांगलं भिंतीएवढ्या पडद्यावर.

धाकटी कार्टून सिनेमांच्या स्टुडिओत कामाला होती. उभं राहिलेलं चित्र कोणीही काढेल, पण ते चालायला लागलं की कसं चालेल, कुठे थबकेल, रागावल्यावर आधी नाक उडवेल की भुवई, हे ठरवून चित्राला हलतं करायचं, हे तिचं काम. तिथे प्रत्येकाच्या टेबलावर एक आरसा असे. ससा दचकवायचा असला की आधी आरशात आपण दचकायचं आणि मग ते दचकणं सशाला द्यायचं. पाण्याचं मशीन दुरुस्त करायला आलेल्या एका माणसाने ही सगळी शहाणीसुरती माणसं आरशात दात विचकताना पाहिली, आणि मशीन तसंच उघडं टाकून तो निघून गेला. पुन्हा आला नाही.

नव्या सिनेमाची नायिका होती मेंढी. सगळा कळप मान खाली घालून चाललेला, आणि ही एकटी मध्येच थांबून 'का?' विचारणार. दिग्दर्शक म्हणाला होता, "हट्टी हवी, पण लोकांना आवडली पाहिजे." बाकीचे मेंढ्यांची चित्रफीत बघत बसले. धाकटी संध्याकाळी घरी आली, जेवायच्या टेबलापाशी बसली आणि समोर बघू लागली. काखेत कळसा असताना तिने गावाला वळसा घातला नाही.

समोर थोरली होती. ती गाडी चालवायला शिकवायची. घराची पुढची खोली म्हणजे तिचं ऑफिस, आणि दारात उभी असलेली एकुलती एक गाडी म्हणजे तिची शाळा. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक असतो. थोरलीचा उजवा पाय इतकी वर्षं त्या ब्रेकवर राहिला होता, की घरातही कोणी वेडंवाकडं बोलायला लागलं की तिचा पाय आपोआप फरशी दाबायचा. नवऱ्याने "आपण एक कुत्रा पाळू या का?" म्हटलं, की पाय फरशीवर. बोलणारा वाक्य पुरं करायचाच नाही. नाही म्हणायच्या आधी ती चष्मा काढून पुसायची, परत चढवायची, आणि मग नाही म्हणायची. तेवढ्यात समोरच्याचा निम्मा धीर सुटलेला असायचा. ती नुसती मान वळवून कधी कोणाकडे बघायची नाही, वळायची तर अख्खी वळायची.

एकदा गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी वाहतुकीची पाटी भिंतीकडे तोंड करून ठोकून गेलं. थोरलीने गाडी गल्लीत आडवी लावली आणि पाटी सरळ होईपर्यंत बॉनेटवर बसून राहिली. लोक चिडले, भांडले, मग घरून खुर्ची आणून तिच्या बाजूला बसले. तिचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडच्यांनी विचारलं, स्वयंपाक येतो का? तिने मुलाला विचारलं, गाडी येते का? मुलाला येत नव्हती. हे मोठे भाऊजी. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे त्यांचं. गावाची घड्याळं ते लावतात आणि घरात मात्र वेळ बायकोची चालते.

आणि हेही सांगायला हवं, नाहीतर धाकटीवर अन्याय होईल. ती लग्न होऊन आली तेव्हा 'कसली ती कोंबड्या-बकऱ्यांची चित्रं, सोडून दे नोकरी' असं घरात सगळ्यांचं ठरलं होतं. थोरलीने चष्मा पुसला. "ती कामावर जाणार," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून धाकटीचा तिच्यावर जीव होता. मेंढी केली ती त्या मायेपोटीच.

मेंढी झकास उतरली. चष्मा नव्हता, म्हणून ती नकार द्यायच्या आधी कपाळावरची लोकर फुंकरीने वर उडवायची. पुढचा खूर जमिनीवर दाबायची. स्टुडिओत सगळे तिला 'बाईसाहेब' म्हणायला लागले. आणि मग आली ती माफी.

गोष्ट अशी होती. पूल मोडका आहे असं ठरवून बाईसाहेब अख्ख्या कळपाला अडवून धरते. पूल निघतो ठणठणीत. कळप उपाशी राहतो, आणि 'पूल चांगला आहे' असं बिचारा सांगत राहिलेला म्हातारा एडका सगळ्यांदेखत वेड्यात निघालेला असतो. आता बाईसाहेबने त्याची माफी मागायची. धाकटीने आरशात माफी मागितली, मान खाली घातली, डोळे मिटले, ओठ थरथरवले. ते सगळं मेंढीला दिलं. मेंढी भलतीच दिसायला लागली. "ही बाईसाहेब नाही," दिग्दर्शक म्हणाला, "ही तिची गरीब मावसबहीण आहे."

शेजारच्या टेबलावर एक ज्येष्ठ कलाकार बसायचे. त्यांना सगळे अश्रुसम्राट म्हणत. ते रंगवत त्या प्रत्येक प्राण्याला लांब पापण्या असत आणि प्रत्येकाच्या डोळ्यांतून बटाट्याएवढे थेंब पडत. एकदा त्यांनी मगरीला रडवलं होतं, आणि तेही खरंखुरं. "मी करतो ना," ते मायेने म्हणाले. दिग्दर्शकाने आठवडाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर माफी जमली नाही, तर तिथून शेवटापर्यंत मेंढी अश्रुसम्राटांची. धाकटीच्या डोळ्यांसमोर पापण्या फडफडवणारी, बटाटे ढाळणारी बाईसाहेब उभी राहिली.

मग तिच्या लक्षात आलं, अडलंय कुठे. थोरलीला माफी मागताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

ती भाऊजींच्या दुकानात गेली. "भाऊजी, वहिनींनी कधी तुमची माफी मागितलीय?"

भाऊजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि बराच विचार केला. "एकदा गाडी मागे घेताना तिने चाक माझ्या पायावर घातलं. म्हणाली, 'तिथे पाय कशाला ठेवला होता?'" मग ते हसले. "पण प्लास्टर होतं तोवर रोज मला उचलून आणल्यासारखी दुकानात आणून सोडायची, हं."

धाकटीने यातलं पहिलंच तेवढं कानात घेतलं. म्हणजे मागत नाही. म्हणजे मागायला लावावी लागणार. आणि मागायला लावायची तर आधी तिच्या हातून चूक घडवली पाहिजे. आता हे सुचणं कुठल्या शहाण्या माणसाचं? पण दिवसभर आरशात तोंडं वेंगाडणाऱ्याला असंच सुचणार.

आधी तिने थोरलीची छत्री थोरलीच्याच कपाटात नेऊन ठेवली. थोरलीने भाऊजींवर आळ घेतला. छत्री कपाटात सापडली. धाकटी डोळे फाडून बघत राहिली. थोरली म्हणाली, "माझी छत्री माझ्याच कपाटात ठेवून मला सांगायचं नाही? कमाल आहे तुमची." आणि भाऊजींनी चक्क मान डोलावली. हा डाव असा फुकट गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी शिकायला बेकरीवाले काका आले होते. देहाने दरवाजाएवढे, पण भित्रे. परीक्षेत दोनदा नापास झालेले. आठवडाअखेरीस तिसऱ्यांदा परीक्षा होती. त्यांची लेक दूर राहायची आणि तिच्या दारात आपल्या हाताने गाडी नेऊन उभी करायची, एवढीच त्यांची हौस. शिकवणी संपली तसे ते आत आले, किल्ली टेबलावर ठेवली आणि थोरली फोनवर बोलत होती म्हणून न बोलताच निघून गेले. धाकटीने हे पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर थोरलीचं जाकीट होतं. धाकटीने किल्ली उचलली आणि जाकिटाच्या डाव्या खिशात सोडली. हिशेब सोपा होता. वहिनी दोन मिनिटं घर डोक्यावर घेतील, मग खिशात हात घालतील, मग काय करतात ते बघायचं आणि धावत स्टुडिओ गाठायचा.

थोरलीने घर डोक्यावर घेतलं. मग खिशात हात घातला, आधी उजव्या, मग डाव्या. किल्ली नव्हती.

धाकटीचं धाबं दणाणलं. जाकीट झटकायचं निमित्त करून तिने स्वतः खिसा चाचपला. खरंच नव्हती. चोराच्या हातावर तुरी कोण देऊन गेलं, तिला कळेना.

"काकांनी नेली," थोरली म्हणाली. "सवयीने खिशात घातली असणार."

"वहिनी, अजून जरा शोधू या ना."

"शोधायचं काय त्यात?" म्हणत थोरली चपला घालून बाहेर पडलीसुद्धा. धाकटी मागोमाग पळाली.

बेकरीत ही गर्दी होती. काका पावाचे ट्रे पुढे सरकवत होते.

"काका, किल्ली."

"टेबलावर ठेवली की मॅडम."

"टेबलावर असती तर मी इथे आले असते का?"

काकांनी एप्रनचे खिसे उलटे केले. सुतळीचा गुंडा निघाला, पेन्सिल निघाली, एक बटण निघालं. भित्र्या माणसाचं असं असतं की आळ आला की त्याचाच स्वतःवरचा विश्वास उडतो. "पिठात पडली की काय," म्हणत ते चाळण घेऊन पीठ चाळायला लागले. गिऱ्हाइकं थांबली. आणि थोरली सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आरसा विसरता, गिअर विसरता, आता किल्लीसुद्धा. काका, तुमच्याच्याने नाही होणार हे."

रांगेतलं कोणीतरी हसलं. काका चाळायचे थांबले. "खरं आहे मॅडम," ते म्हणाले. "नाही होणार माझ्याच्याने." आणि परत पीठ चाळू लागले.

त्याच वेळी धाकटीने तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. आणि त्याहून लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, तेवढ्यातही तिच्या एका डोळ्याने थोरलीच्या मानेचा कोन टिपून ठेवला. सवय, दुसरं काय. पण काकांच्या पिठाळलेल्या हातांकडे बघून तिला रडू आलं, ते मात्र सवयीचं नव्हतं.

दुपारी काकांचा निरोप आला, की परीक्षेला बसत नाही, शिकवणीलाही येत नाही. थोरलीने जादा किल्लीवर बाकीच्यांना शिकवलं. संध्याकाळी तिने जाकीट खुंटीला अडकवलं तेव्हा ते दारावर आपटलं आणि 'खण्ण' झालं. तिने जाकिटाची खालची कड चाचपली. डाव्या खिशाला भोक होतं. भोकातून किल्ली अस्तरात उतरली होती. तिने ती बोटाने वर ओढत ओढत बाहेर काढली.

घरातले सगळे समोर होते. धाकटी श्वास रोखून उभी होती. आता! थोरलीने चष्मा काढला, पुसला, चढवला. किल्लीकडे बघितलं, भोकाकडे बघितलं, एकदा सगळ्यांकडे बघितलं. म्हणाली, "जेवायला बसा."

बस्स. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ जळालाही नव्हता. धाकटी ताटातला भात नुसता चिवडत बसली. चित्र गेलं, काका गेले, आणि केलं कोणी तर आपण. सकाळी उठल्याबरोबर सगळं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं.

सकाळी थोरलीच म्हणाली, "चल माझ्याबरोबर." धाकटी गाडीत बसली ती फासावर निघाल्यासारखी.

गाडी बेकरीपाशी थांबली. कालच्याइतकीच गर्दी होती. थोरली रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. पुढच्या दोघांनी ओळखून वाट दिली तरी ती जागची हलली नाही. नंबर आल्यावर तिने किल्ली काचेवर ठेवली. चष्मा काढला, पुसला, चढवला. आणि काल बोलली होती त्याच आवाजात, तितक्याच मोठ्याने म्हणाली, "ही माझ्या जाकिटात होती. तुम्ही टेबलावरच ठेवली होती. मी चुकले. आणि तुमच्याच्याने होणार नाही म्हणाले, ते तर साफ चूक होतं."

मान ताठ, डोळे सरळ काकांच्या डोळ्यांत, ओठ जिथल्या तिथे. धाकटी बघत राहिली. म्हणजे ही माफीसुद्धा नकारासारखीच मागते!

"असू द्या मॅडम," काका लाजले.

"असू कसं द्या? एप्रन काढा. गाडी काढा."

काका चालकाच्या जागी बसले. थोरलीने शेजारचं दार उघडलंच नाही. मागचं उघडलं आणि धाकटीला सरकवून तिच्याजवळ बसली. पुढची ती जागा, तो तिचा जन्माचा ब्रेक, रिकामा.

काकांनी आरशातून मागे बघितलं. त्यांचा चेहरा पिठापेक्षा पांढरा झाला होता. "मॅडम, ब्रेक?"

"तुमच्या पायाशी आहे की."

गाडी निघाली. गिअर दोनदा कुरकुरला. समोरून ट्रक आला. थोरलीचा पाय पुढच्या सीटखाली असा रुतला की गाडीचा पत्रा वाकावा, आणि तिने धाकटीचा गुडघा घट्ट धरला. तोंडातून मात्र चकार शब्द नाही. काकांनी बाजाराला पूर्ण फेरी मारली आणि गाडी बेकरीसमोर आणून उभी केली, जराशी तिरकी. धाकटीच्या गुडघ्यावर पाच बोटं पुढे कितीतरी दिवस निळी होती. आठवडाअखेरीस काका पास झाले.

धाकटी त्या सकाळी तशीच स्टुडिओत गेली आणि आरसा पालथा घालून बसली. तिची मेंढी ताठ मानेने एडक्यासमोर गेली. कपाळावरची लोकर फुंकरीने उडवली. 'मी चुकले' म्हणाली, तेही अख्ख्या कळपाला ऐकू जाईल असं. मग वळसा घालून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, जिथून नुसत्या शेपट्या दिसतात. कळप पुलावर चढला, आणि म्हातारा एडका वाट दाखवत असताना मागे तिचा खूर जमीन दाबत राहिला, पण तोंडातून शब्द नाही. दिग्दर्शकाने ते पाहिलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. अश्रुसम्राटांनी थेंब कुठे येणार ते विचारायला तोंड उघडलं, मग खिशातून रुमाल काढून स्वतःच नाक शिंकरलं. मेंढी धाकटीकडेच राहिली.

राहिली खरी, पण धाकटीच्या मनाला काही स्वस्थता नव्हती. थोरलीला खरं सांगायचं सांगायचं म्हणता राहून गेलं. काका तिला पावाबरोबर दोन बिस्किटं जास्तीची द्यायचे, ती परस्पर नवऱ्याच्या बशीत जायची. अशात स्टुडिओने तयार झालेला भाग बघायला सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं.

बाईसाहेबने पडद्यावर पहिल्यांदा खूर दाबला तेव्हा भाऊजी मोठ्याने हसले, आणि त्याचा ताबडतोब खोकला केला. थोरली सरळ बसून होती. माफी आली आणि गेली, दिवे लागले, तरी तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. धाकटीच्या नवऱ्याने कानाला हात लावून तिला खुणेनेच सांगितलं, की आता तुझं तू बघ.

परतताना गाडी थोरली चालवत होती. धाकटी तिच्या शेजारी, दोघे भाऊ मागे.

"लोकर जरा जास्त वाटली," थोरली म्हणाली.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. तो पडतोय न पडतोय तोच थोरली पुढे म्हणाली, "ती किल्ली खिशात तू ठेवलीस."

मागच्या सीटवरचे दोघे आपापल्या खिडकीतून बाहेर बघू लागले.

"तुम्हाला... कधी कळलं?"

"सापडली तेव्हाच. त्या खिशाला वर्षभर भोक आहे. मी त्यात रुमालसुद्धा ठेवत नाही. यांना माहीत आहे, तुझ्या नवऱ्याला माहीत आहे. घरात माहीत नाही ते एकाच माणसाला, जे दिवसभर माझ्याकडे टक लावून बघत असतं."

"मग तुम्ही काकांची माफी का मागितलीत? चूक तर माझी होती."

"किल्ली तू लपवलीस. ओरडलं कोण?"

गाडी चालत राहिली. धाकटीला इतकी लाज वाटली, आणि त्या लाजेतच शेजारच्या बाईबद्दल इतकी माया दाटून आली, की डोळे भरले. "चुकले मी, वहिनी," ती मान खाली घालून पुटपुटली.

सिग्नल लागला. थोरलीने गाडी थांबवली आणि अख्खी तिच्याकडे वळली. "मान वर कर. मेंढीला शिकवलंस ना? मग तुला यायला काय झालं?"

धाकटीने मान वर केली. डोळे पुसले, थोरलीच्या डोळ्यांत बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "वहिनी, मी चुकले."

"हां. आता हेच उद्या बेकरीत. रांगेत उभं राहून, सगळ्यांसमोर."

"येताना पाव आण," मागून भाऊजी म्हणाले.